दाराच्या पोटातलं डांबर

समस्त सुजाण वाचकांना घसा खाकरून, दोन्ही हात जोडून आणि प्रसंगाचं गांभीर्य पूर्ण ओळखून जाहीर करण्यात येत आहे की, मोटारीचं दार आतून पोकळ असतं.

ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी घोटभर पाणी प्यावं. मी थांबतो.

झालं? आता दुसरी घोषणा, पहिलीहून गंभीर. त्या पोकळ दारात पावसाचं पाणी शिरतं. जुन्या गाडीच्या शिरतं, नव्या गाडीच्याही शिरतं. काच वरखाली व्हायची तर दाराला वर फट ठेवावी लागते, आणि फट म्हटली की पाणी आलंच. म्हणून गाड्या बनवणाऱ्या शहाण्या माणसांनी दाराच्या तळाला करंगळी जाईल एवढी दोन-तीन भोकं ठेवलेली असतात. वरून शिरलेलं पाणी आतल्या आत उतरतं आणि त्या भोकांतून निमूट बाहेर पडतं. गाडीत बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

ही भोकं लक्षात ठेवा. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धक्का त्यांनीच दिला.

मी बाळाराम, शिरवणे गावचा. आमच्या शेतांवर कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकून मी जुन्या गाड्यांच्या काचा बघत बसलो. नेमकं सांगायचं तर काचासुद्धा नाहीत. काच जिच्यात सरकते ती चॅनेल. लोखंडाची पन्हळीसारखी वाकवलेली पट्टी, तिच्या पोटात लव असलेलं मखमली अस्तर. शिवाय दाराच्या कमरेला, काचेला बिलगून बसणारं रबर. वर्षानुवर्षांच्या उन्हात ती लव झडते, रबराचं बिस्कीट होतं. मग काच खडखडते, तिरकी चढते, अर्ध्यात रुसते आणि पाऊस थेट मांडीवर येतो. अशा वेळी माणसं माझ्याकडे येतात. मोटारीच्या दुनियेत इंजिनवाला म्हणजे सर्जन, डेंटिंगवाला म्हणजे हाडवैद्य. मी कानातला मळ काढणारा. पण कान गच्च झाल्याशिवाय माझी किंमत कळत नाही, हेही खरं.

काम बघायला सोपं दिसतं आणि त्यामुळेच लोक ते घरी करून बघतात. खारघरच्या एका प्रोफेसरांनी स्लिपरचे पट्टे कापून चॅनेलमध्ये ठोकले होते. काच वर गेली ती गेलीच; पुढचे सहा महिने ते टोल भरायला दार उघडून खाली उतरत. दुसऱ्या एकाने चॅनेलला एरंडेल पाजलं. रबराला तेल म्हणजे विष. आठ दिवसांत त्याच्या रबराचा गुलकंद झाला. आम्ही साबणाचं पाणी लावतो, आणि लव मऊ राहावी म्हणून टाल्कम पावडर. लग्न झालं त्या वर्षी माझी बायको सुगंधा रोज संध्याकाळी माझा शर्ट हुंगून गप्प बसायची. शेवटी एक दिवस तिनं विचारलंच, "कोन हाय ती?" मी तिला शेडमध्ये आणून पावडरचा डबा दाखवला. ती तेव्हापासून शेडमध्येच आहे. सीटची कव्हरं शिवते आणि माझ्यावर लक्ष ठेवते.

आमच्या शेडचा एक रिवाज आहे. चॅनेल-रबर बसलं की पाण्याची परीक्षा. दाराच्या आतल्या काठावर, काचेला लागून, मी तांदळाचं पीठ भुरभुरवतो. भाकरीचं, घरचं. मग काचा वर करून बाहेरून दहा मिनिटं पाइपानं पाणी. आत एक थेंब जरी आला तरी पिठावर डाग उठतो; पीठ खोटं बोलत नाही. आणि ही परीक्षा चालू असताना आत मी बसत नाही, गाडीचा मालक बसतो. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. तीस वर्षांत एकही पीठ भिजलेलं नाही. ही फुशारकी मी लग्नात, बारशात आणि एकदा तर मयतीतही मारलेली आहे.

असो. गेल्या डिसेंबरात कामोठ्याहून हणमंतराव आले. पन्नाशी ओलांडलेले, सरकारी कचेरीत कारकून, आवाज इतका हळू की मी दोनदा "काय?" म्हणालो. टोचन लावून आणलेली जुनी पद्मिनी, सायीच्या रंगाची. अकरा वर्षं कापडाखाली उभी होती.

"चारी दारं करा," ते म्हणाले, "पण पुढचं डावं आधी. ते नीट करा."

गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलं की बोलतं. का ते मला माहीत नाही. बहुतेक मी दाराकडे बघत असतो, त्यांच्याकडे नाही, म्हणून. हणमंतरावही बोलले. गाडी त्यांच्या वडलांची, आबांची. आबा साताऱ्याकडून येऊन वाशीच्या बाजारात कांद्याच्या गाळ्यावर उभे राहिलेले. अकरा वर्षांपूर्वी जुलैत आबांच्या छातीत दुखायला लागलं. हणमंतरावांनी त्यांना या गाडीत डाव्या सीटवर बसवलं आणि दवाखान्याकडे निघाले. वाटेत डावी काच धाडकन दाराच्या आत पडली. बाहेर मुसळधार. दवाखान्यात पोचेपर्यंत आबा नखशिखांत भिजले. आठव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय; भिजण्याचा संबंध नाही. पण तेराव्याला, पंगत बसलेली असताना, थोरले बंधू सर्जेराव सगळ्यांदेखत म्हणाले, "हणम्या, एक रबर घातलं असतंस तर आबा आज असते."

त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

"आता दादाच्या मुलीचं लग्न आहे, नऊ दिवसांवर," हणमंतराव म्हणाले. "तेजूला आजोबांच्या गाडीतून सासरी जायचंय. आणि म्हणते, गाडी काकानंच चालवायची. मी गाडी देणार. मी काही जाणार नाही. दादानं स्वतःच्या तोंडानं बोलावल्याशिवाय कसा जाऊ?"

मी डावं दार खोललं आणि मला पहिला धक्का बसला. काच ज्या तळपट्टीवर उभी असते ती पट्टी नव्हतीच. तिच्या जागी गंजाचा चुरा. दाराच्या तळाला बोट घातलं तर भोकं गायब! कुणीतरी ती बाहेरून डांबरानं गच्च बुजवली होती. म्हणजे काय झालं असेल बघा: दारात शिरलेलं पाणी बाहेर पडेना, पाऊस न् पाऊस तिथंच तुंबलं, तळपट्टी कुजली आणि एका जुलैत काच तोंडघशी पडली. वरचं रबर नवं असतं तरी ती पडलीच असती.

मी डांबराचा गोळा टोकरून काढला. त्यावर बोटाचा ठसा होता, वाळून दगड झालेला. मी नाटकी माणूस. तो गोळा तळहातावर घेऊन, खुनाचं हत्यार सापडल्यासारखा हणमंतरावांसमोर धरला. "साहेब, आरोपी सापडला! तुमची काही चूक नाही. ज्यानं ही भोकं बुजवली त्यानं काच पाडली!"

मला वाटलं माणूस आनंदानं उडी मारेल. अकरा वर्षांचं ओझं मी बोटानं टोकरून काढलं होतं. पण हणमंतराव त्या गोळ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. कध्धी नाही."

"पण साहेब, तुमच्या भावाला कळलं तर—"

"कुणालाच नाही."

मी होकार दिला. गोळा मात्र फेकला नाही, पावडरच्या डब्याशेजारी फळीवर ठेवला. असल्या वस्तू मला टाकवत नाहीत.

पुढचे सहा दिवस मी ती चार दारं केली, आणि अशी केली की काय सांगू. नवी तळपट्टी घडवली. चॅनेल कोपऱ्यात वळवताना हातोडी लावली तर तिला पोचा पडतो आणि काच जन्मभर तिथं अडखळते. म्हणून ती गुडघ्यावर वाकवायची, हळूहळू, चकलीला वळण द्यावं तशी. रबर अर्धा बोट जास्त कापायचं, कारण ते पहिल्या उन्हात आकसतं. मागच्या दारांचं रबर नीट चिकटावं म्हणून दोन्ही दारं बाहेरून पट्ट्यांनी आवळून ठेवली. पुढच्या दारांचं आतलं अस्तर परीक्षेनंतरच लागतं, त्यामुळे काच फिरवायची हँडलं आणि आतून दार उघडायचे खटके मी काढून ठेवले होते. माझ्या शर्टाच्या खिशात. हेही लक्षात ठेवा. मी नव्हतं ठेवलं.

सातव्या दिवशी परीक्षा. सुगंधा पीठ घेऊन आली, पुरेसं बडबडून. "भाकऱ्या खायच्या का दारांना चारायच्या?" हणमंतराव रिवाजाप्रमाणे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. मी पाइप उचलला, तेवढ्यात शेडसमोर रिक्षा थांबली. एक चुणचुणीत मुलगी उतरली. तिच्यामागून टोपी घातलेले, साठी उलटलेले, भरदार मिशांचे गृहस्थ.

"कसली गाडी बघायचीय म्हणालीस, तेजू?" ते म्हणत होते. मग त्यांना पद्मिनी दिसली. मग पद्मिनीत बसलेला भाऊ दिसला. ते जागच्या जागी खिळले.

मुलीनं काकाकडून परीक्षेची सगळी माहिती काढून घेतली होती; दुसरा येणार हे मात्र दोघांनाही सांगितलं नव्हतं. धक्का नंबर दोन, आणि तो आम्हां सगळ्यांना एकदम.

सर्जेराव भावाशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले, पण इतक्या मोठ्यानं की ते काचेपलीकडे पोचावं. "मिस्त्री, नवं रबर घातलं व्हय? चांगलं केलं. अकरा वर्सं उशीर झाला म्हना."

हणमंतराव स्टीअरिंगकडे बघत बसले.

आणि मला राहवलं नाही. मंडळी, मला सगळं जमतं, गप्प बसणं जमत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला माझ्याच शेडमध्ये कुणी टोचून बोलतं म्हणजे काय? दिलेला शब्द मी विसरलो. फळीवरून तो गोळा उचलला आणि सर्जेरावांच्या हातावर ठेवला.

"रबराचा काही संबंध नव्हता, दादा," मी म्हणालो. "हे बघा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कुणा दीडशहाण्यानं डांबरानं बुजवली होती. पाणी तुंबलं, आतून कुजलं, काच पडली. तुमच्या भावाला कळायला दार पारदर्शक थोडंच आहे!"

"मिस्त्री!" हणमंतराव आतून ओरडले. तोच माणूस, ज्याचं बोलणं मला दोनदा विचारून घ्यावं लागलं होतं.

सर्जेरावांनी गोळा उन्हात धरला. त्यावरच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. अगदी सहज, सवयीनं ठेवावा तसा. ठसा भरला. अंगठा अजून त्याच मापाचा होता.

"गावाकडं न्यायची होती गाडी," ते म्हणाले. कुणाला, कोण जाणे. "खालनं धूळ येती म्हनून म्या... आबा म्हनले, सर्जा लई हुशार."

मी तुम्हांला सांगतो, मला त्या क्षणी दाराच्या तळाच्या भोकातून निघून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. आता मला कळलं हणमंतराव पांढरे का पडले होते. त्या माणसाला सहा दिवसांपासून माहीत होतं. अकरा वर्षांचा बट्टा धुऊन काढायचं साधन हातात आलं होतं आणि त्यानं ते गाडून टाकलं होतं, भावाला कळू नये म्हणून. आणि मी? मी दीडशहाणा म्हणालो होतो. कोण दीडशहाणा, ते आता तुम्हीच ठरवा.

सर्जेराव गाडीला वळसा घालून गेले, डावं दार उघडलं, आबांच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. नव्या रबराचं दार. खडखडाट नाही, दणका नाही. थप्प. लोण्यात सुरी जावी तसा आवाज. इतक्या वाईट वेळीही मला त्या आवाजाचा अभिमान वाटला, काय करू.

काय करावं सुचेना तेव्हा माणूस येतं ते काम करतो. मी पाणी सुरू केलं.

दोनेक मिनिटांनी मला दिसलं, हणमंतराव दार चाचपतायत. खटका शोधतायत. मी खिशाला हात लावला. खटके वाजले. हँडलं वाजली. मागची दारं पट्ट्यांनी आवळलेली. अरे देवा! दोन बंधू आत कोंडले गेले होते, आणि बाहेरून एका बोटानं उघडणारं दार आतून काही केल्या उघडणार नव्हतं.

मी पाइप टाकून धावलो. दाराच्या मुठीवर हात ठेवला, तर त्यावर दुसरा हात. तेजूचा.

"काका, परीक्षा दहा मिनिटांची असते ना?"

"अगं पण ते आत—"

"दोनच झालीत." तिनं पाइप उचलून माझ्या हातात दिला. डोळे वठणीवर आणणाऱ्या मास्तरणीचे. "आठ राहिलीत. मारा पाणी."

मी पाणी मारलं. आयुष्यात इतक्या घाबरत मी पाणी मारलेलं नाही. आणि मग सुरू झाला तो मुका तमाशा. माझ्या रबराची आणि पाण्याच्या माऱ्याची करामत बघा, आतला एक शब्द बाहेर येईना! सर्जेरावांचा हात वर जातो, खाली येतो. हणमंतराव मान हलवतात. नाही, नाही, नाही. सर्जेराव छातीवर बोट ठेवतात. हणमंतराव बोट दाखवतात, थेट माझ्याकडे. बहुधा माझ्या खानदानाचा उद्धार चाललेला. मग दोघं एकदम बोलतात. मग दोघं एकदम गप्प. सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काचेवर आतून वाफ धरायला लागली, आणि ऐन रंगात पडदा पडला.

"अवो!" सुगंधा शेडमधून ओरडली. "टाकी रिकामी व्हतंय! दुपारच्या भाताला पानी कुठशी आनू?"

"गप गं!"

"काय गप? दहा मिन्टा कवाच झाली!"

झाली होती. पंधरा झाली होती. तेजू घड्याळाकडे बघतच नव्हती, धुरकटलेल्या काचेकडे बघत होती. तेवढ्यात डाव्या काचेवर आतून एक तळवा फिरला. पुसलेल्या जागेतून सर्जेरावांचे डोळे दिसले. मग त्या तळव्यानं काचेवर टकटक केलं.

पाणी बंद केलं. मी दार उघडलं.

सर्जेराव उतरले. मिशा ओल्या, गाल ओले, सदऱ्याची कॉलरसुद्धा ओली. मागोमाग पलीकडचं दार तेजूनं उघडलं, हणमंतराव बाहेर आले आणि नाक शिंकरत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सर्जेरावांनी आधी आपल्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाजारात आयुष्य काढलेला माणूस. चारचौघांत असलं तोंड दाखवायची सवय नव्हती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "डावीकडनं गळतंय हो तुमचं रबर. पाक भिजलो म्या."

मी दाराच्या काठाकडे बघितलं. पीठ जसंच्या तसं. पांढरंशुभ्र, कोरडं, एक डाग नाही. माझ्या जन्माचं सर्वोत्तम काम. तीस वर्षांचा डंका जिभेवर आला. एकदा तोंड उघडून मी या माणसाचं काय केलं होतं, हे त्याच जिभेला आठवलं. वाचकहो, मी तो डंका गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

"हो, दादा," मी म्हणालो. "गळतंय खरं. चुकलंच माझं काहीतरी. काढून परत बसवतो."

हणमंतराव वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी केलेला सगळा मूर्खपणा त्या एका नजरेत माफ झाला.

"मी उद्या परत आणतो गाडी, दादा," ते हळू आवाजात म्हणाले. पण या वेळी 'काय?' कुणीच म्हणालं नाही. "तूही ये. बघून घे."

"येतो की," सर्जेराव म्हणाले. "लग्नात तूच चालवनार हायस, तर चांगली झालेली बघूनच घेतली पायजे."

तेजू हसायला लागली आणि तेवढ्यात रडायला. सगळं कसं सुरळीत, नाटकाच्या शेवटच्या अंकासारखं जमून आलं होतं. पडदा पडायला फक्त एक क्षण बाकी होता. आणि त्या क्षणी सुगंधा आपलं उरलेलं पीठ वाचवायला ताट घेऊन आली, डाव्या दारात वाकली, काठावरून बोट फिरवलं, ते डोळ्यांसमोर धरलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"अवो, कनचं गळतंय? पीठ कोरडं ठनठनीत हाय! मंग या दादांचा तोंडच कसा भिजला?"